कडेवर मूल, डोक्यात मंगळ : विज्ञानकथा-अद्भुतकथा लिहायला सुरुवात कशी करावी

लेखनाचे सल्ले देणाऱ्या बहुतेकांच्या खोलीला आतून कडी लावता येते. पहाटे चारला उठा, रोज हजार शब्द लिहा, फोन लांब ठेवा. घरात दीड वर्षाचं मूल असलं की पहाटे चारला तेही उठतं. दिवसाचे हजार शब्द ‘नको’, ‘थांब’, ‘तोंडातून काढ ते आधी’ यातच संपतात. आणि फोन लांब ठेवला तर पाळणाघरातून आलेला फोन उचलायचा कोणी?

घरात सहा वर्षांखालचं एखाद-दुसरं मूल आहे, विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहायची मनापासून हौस आहे आणि आजवर एकही कथा पुरी झालेली नाही, अशा आयांसाठी आणि बाबांसाठी हे लिहिते आहे.

या दोन प्रकारांची एक खास अडचण आहे. घरगुती कथेतला जिना, चाळ, शेजारच्या काकू तुम्हाला आयत्या माहीत असतात. मध्येच उठून दुधाखालचा गॅस बंद करून आलात तरी जिना जागच्या जागी असतो. रचलेल्या जगाचं तसं नाही. तिथले नियम, अंतरं, नावं, कोणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे सगळं डोक्यात धरून बसावं लागतं. एका ‘आई, शी झाली’नं ते सगळं विस्कटतं. पुन्हा जुळवायला वीस मिनिटं लागतात, आणि मुळात हातात होती तीच वीस मिनिटं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे दोनच गोष्टी आहेत : जग डोक्यात न ठेवता कागदावर ठेवायचं, आणि विचार करण्याचा वेळ लिहिण्याच्या वेळेपासून वेगळा काढायचा.

पायरी १ : दिवसाचे दोन वाटे करा

एक दिवस फक्त निरीक्षण करा. तुमचा वेळ दोन जातींचा आहे. पहिल्या जातीत हात गुंतलेले असतात पण डोकं मोकळं असतं : थोपटताना, भरवताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, बसस्टॉपवर शाळेच्या गाडीची वाट बघताना, बागेत झोका देताना. दुसऱ्या जातीत हातही मोकळे असतात. बाळाची दुपारची झोप, प्लेग्रुपचे दोन-अडीच तास, आजी-आजोबा देवळात घेऊन गेलेत तेवढा वेळ. ही दुसरी जात फार थोडी असते आणि नेमकी तीच आपण ‘आता काय लिहू’ या विचारात घालवतो.

विचार सगळा पहिल्या जातीच्या वेळात उरकायचा. रात्री थोपटताना स्वतःला एकच प्रश्न द्या, पण नेमका द्या. ‘कथेचं काय करू’ असा नको, ‘आजीला संदेश आल्याचं कळतं ते कसं?’ असा हवा. मूल झोपेपर्यंत उत्तर मिळालं तर बाहेर येऊन दोन ओळी टिपा. नाही मिळालं तर उद्याही थोपटायचंच आहे.

वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा. पहिले चार-सहा महिने लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी उठतं आणि तुटक झोपेवर कथेची रचना सुचत नाही. तुटक कल्पना मात्र भरपूर सुचतात, त्या टिपून ठेवा. २०१७च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ‘या रजेत कादंबरी लिहून टाकेन’ असा बेत बऱ्याच जणी करतात. ती रजा टाके भरून येण्यासाठी आणि बाळासाठी आहे. सहा महिन्यांनंतर झोपेच्या वेळा थोड्या ठरू लागतात, तिथून लिहायला घ्या. दोन ते चार हे वय सगळ्यांत अवघड, कारण दुपारची झोप सुटते आणि शाळा धड सुरू झालेली नसते. बालवाडी लागली की मग थोडा श्वास घेता येतो.

कार्टून लावून लिहिण्याबद्दल : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला रोज वीस मिनिटं कार्टून लावून तुम्ही लिहिलंत तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण कार्टून संपताना होणाऱ्या रडारडीत दहा मिनिटं जातात, तीही हिशेबात धरा.

पायरी २ : एकच कथा, एकच बदल

सात खंडांची गाथा डोक्यात असेल तर ती तिथंच राहू द्या. पहिली कथा अडीच-तीन हजार शब्दांची घ्या. मराठीत हे सोयीचंही आहे, कारण आपल्याकडची विज्ञानकथा वाढली ती प्रामुख्यानं दिवाळी अंक आणि स्पर्धांमधून, म्हणजे लघुकथेच्या रूपात. तीन हजार शब्दांच्या कथेला वाचक, संपादक आणि परीक्षक मिळतात. नवख्या लेखकाची चारशे पानांची कादंबरी दोन मुलं सांभाळत चार वर्षांत पुरी झाली, तरी ती वाचायला कोणाला द्यायची हा प्रश्न उरतोच.

कथेत आपल्या नेहमीच्या जगापेक्षा एकच गोष्ट वेगळी ठेवा. माणसं मंगळावर राहायला गेली आहेत, एवढंच. किंवा गावाची राखण करणारा, लोककथेतला अदृश्य राखणदार खरोखर आहे, एवढंच. मंगळावर वस्ती, शिवाय बोलणारे यंत्रमानव, शिवाय कालप्रवास असं तिहेरी प्रकरण घेतलंत की प्रत्येकाचे नियम, आणि त्या नियमांचे एकमेकांशी होणारे तंटे सोडवत बसावं लागतं. तेवढी सलग बैठक तुमच्याकडे नाही.

पायरी ३ : बीज जवळपासच शोधा

चार वर्षांचं मूल दिवसभर फुकटात कल्पना पुरवतं. ‘सावली रात्री कुठं झोपते?’ ‘पाऊस वर कसा गेला?’ ‘मी तुझ्या पोटात होतो तेव्हा तू कोणाच्या पोटात होतीस?’ प्रश्न जसाच्या तसा टिपा, सुधारून नको. त्यांच्या वाक्यातला वाकडेपणाच कामाचा असतो. एक पथ्य मात्र पाळा : मुलाचं आजारपण, त्याची फजिती, त्याची भीती ओळखू येईल अशी कथेत घालू नका. दहा वर्षांनी ते वाचणार आहे आणि त्याचे मित्रही.

दुसरी खाण आपल्या परिसरात आहे. पहिल्या कथेची सुरुवात न्यूयॉर्कवर उतरणाऱ्या तबकडीनं करायची काहीच गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापातानं झालेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि जून २०२०मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं तपासाअंती निघालं. पण पाणी गुलाबी झाल्याच्या पहिल्या सकाळी काठावरच्या माणसाला ते कुठं ठाऊक होतं? नारायणगावाजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० प्रचंड तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या. भोवती द्राक्षबागा आणि टोमॅटोची शेतं. एवढी तयार जागा सोडून नेवाडाच्या वाळवंटात कशाला जायचं?

अद्भुतकथेसाठी तर आपण कुबेर आहोत. चकवा, मुंज्या, आसरा, वेताळ, गोव्याचा देवचार, कोकणातला राखणदार. रत्नागिरीच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कोणी कोरली, कशासाठी, याला पक्कं उत्तर नाही, म्हणजे ती जागा तुमचीच. मात्र भूत दाखवून घाबरवणं एवढ्यावर थांबू नका. त्या जुन्या कल्पनेला आजचा व्यवहार टेकवा. महामार्ग रुंद होतोय, जमीन गेली, मालकाला मोबदला मिळाला. राखणदाराचं नाव सातबाऱ्यावर नसतं. त्यानं जायचं कुठं? वर्षाचा नारळ आणि कोंबडा आता त्याला कोण देणार, ठेकेदार? इथं कथा आपसूक सुरू होते, आणि ती मराठीतच लिहिता येते.

पायरी ४ : जगाचा कागद

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून एक उदाहरण घेऊन सावकाश जाऊ.

बीज असं : साताऱ्यात आजीपाशी पाच वर्षांची नात. तिची आई मंगळावरच्या तळावर कामाला. आई रोज रात्री लेकीला गोष्ट सांगते.

बदल एकच, माणूस मंगळावर राहतोय. बाकी सगळं आजच्या विज्ञानासारखंच. मग आता खरं विज्ञान काय म्हणतं ते बघायचं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर सतत बदलतं : कमीत कमी साधारण साडेपाच कोटी किलोमीटर, जास्तीत जास्त चाळीस कोटी. रेडिओसंदेश प्रकाशाच्या वेगानं जातो, त्यापेक्षा भरभर काहीच जात नाही. म्हणजे एका बाजूचा प्रवास सुमारे ३ ते २२ मिनिटांचा.

याचा कथेसाठी अर्थ असा, की नातीनं ‘मग?’ म्हटलं तर त्याचं उत्तर कधी सहा मिनिटांनी येणार, कधी चव्वेचाळीस. पाच वर्षांची मुलगी तोवर झोपलेली असते. गोष्ट सांगणाऱ्या आईला लेकीचे प्रश्न आधीच ओळखून त्यांची उत्तरं गोष्टीत पेरून पाठवावी लागणार. सुरुवातीला तिचा अंदाज बरोबर येईल. पण मूल वाढतं, त्याचे प्रश्न बदलतात, आणि एके दिवशी आईची उत्तरं लेकीनं न विचारलेल्या प्रश्नांना असतील.

पुढचा आकडा. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा आहे : २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद. म्हणजे आई तिथल्या घड्याळानं रोज ‘रात्री नऊ’ला बसली तरी साताऱ्यात ती वेळ रोज चाळीस मिनिटांनी पुढं सरकणार. आठवडाभरात गोष्ट मध्यरात्रीनंतर येईल, मग पहाटे, मग शाळेच्या वेळेत. साधारण छत्तीस दिवसांनी पुन्हा नऊला. हे निव्वळ कल्पनेतलं नाही. २०१२मध्ये नासाची क्युरिऑसिटी ही यंत्रगाडी मंगळावर उतरली तेव्हा तिचं काम बघणारी माणसं मंगळाच्या घड्याळानं जगत होती, आणि त्यांतल्या एका अभियंत्याच्या बायकोमुलांनीही महिनाभर तेच घड्याळ पाळलं होतं.

तिसरी गोष्ट. साधारण दर सव्वीस महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये येतो. त्या काळात सूर्याभोवतीच्या तप्त वायूमुळे संदेश बिघडतात, म्हणून सुमारे दोन आठवडे यानांना आज्ञा पाठवत नाहीत. आपल्या कथेत हे दोन आठवडे आईचा आवाज बंद. गोष्ट अर्धी राहिलेली. मग आजी ती पुढं सांगते, आपल्या पद्धतीनं, त्यात श्रावणातल्या कहाणीतला राजा आणि नावडती राणी घुसवून. दोन आठवड्यांनी आईचा संदेश येतो तेव्हा लेकीला कोणाची गोष्ट खरी वाटते?

बघा, तीन खरे आकडे घेतले आणि कथेची सुरुवात, ताण आणि पेच हाताला लागला. खलनायक शोधावा लागला नाही.

हे सगळं एका कागदावर उतरवा. एका पानाहून जास्त नको. त्यावर असं असावं :

– बदल कोणता (मंगळावर वस्ती).
– काय होऊ शकत नाही (तत्काळ बोलणं. कोणत्याही परिस्थितीत नाही, शेवटी रडू आणायचं असलं तरी नाही).
– त्याची किंमत कोण मोजतं (लेक, आई, आणि जिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं ती आजी).
– आकडे : ३ ते २२ मिनिटं, रोज ४० मिनिटांची घसरण, दोन आठवडे शांतता.
– नावं, वयं, कोण कोणाला काय म्हणतं.
– कोणाला काय माहीत नाही (आजी गोष्ट पुढं सांगतेय हे आईला ठाऊक नाही).

‘काय होऊ शकत नाही’ ही ओळ ठळक लिहा. अद्भुतकथेत तर ती जीवच आहे. राखणदार त्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकू शकत नाही असं ठरवलंत तर तुमची कथा त्या हद्दीच्या दगडापाशी घडणार, हे तिथंच ठरतं. काहीही करू शकणाऱ्या पात्राची कथा होत नाही, फक्त वर्णन होतं.

कागद ओट्याजवळ किंवा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोटो काढून फोनमध्येही ठेवा, कारण खालच्या उंचीवर लावलेल्या कागदाला खडूनं रंगवलं जाणार हे गृहीत धरा.

पायरी ५ : तुकड्यांत लिहिणं

कथेचे पाच-सहा तुकडे पाडा, प्रत्येक साधारण पाचशे शब्दांचा, प्रत्येकात एकच जागा आणि एकच प्रसंग. आपल्या उदाहरणात पहिला तुकडा : रात्रीचे नऊ, आजी अंथरूण घालतेय, फोन वाजतो, नात आईचं पहिलं वाक्य तिच्याआधीच म्हणून दाखवते. एवढंच. वीस मिनिटांत दोनशे शब्द होतात, म्हणजे एक तुकडा दोन-तीन झोपांत बसतो. तुकडे क्रमानं लिहायचंही बंधन नाही. दमलेल्या दिवशी सोपा संवाद घ्या, ताज्या डोक्याच्या दिवशी पेचाचा प्रसंग.

उठावं लागलं तर वाक्य अर्ध्यावर सोडून उठा. पूर्णविराम देऊन उठलात की उद्या पुन्हा कोऱ्या पानासमोर बसावं लागतं. अर्धं वाक्य मात्र दिसल्याबरोबर हात ते पुरं करतो. दहा सेकंद मिळत असतील तर खाली कंसात पुढचं काय ते लिहा : ‘(इथं आजी खोटं बोलते)’. बस.

हात गुंतलेले असतील तर आवाजानं लिहा. फोनच्या कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हाला दाबून मराठीत बोललं की बऱ्यापैकी उतरतं. बाळ मांडीवर झोपलेलं असताना हळू आवाजात तीन-चार परिच्छेद सहज होतात. विरामचिन्हं बहुतेक गायब असतात, ती नंतर घालावी लागतात. आणि परग्रहावरच्या पात्राचं नाव ‘झ्रॅक्सॉन’ असेल तर फोन त्याचं काय करेल सांगता येत नाही. पहिल्या खर्ड्यात त्याला ‘बंडू’ म्हणा. बंडू मराठी फोनला नीट कळतो. कथा झाली की ‘शोधा आणि बदला’ वापरून एका झटक्यात बंडूचा झ्रॅक्सॉन करा. (एकदा बंडू हेच नाव इतकं शोभून दिसलं की मी ते बदललंच नाही.)

लिहिताना इंटरनेट उघडायचं नाही. मंगळावरचं तापमान आठवत नाही? तिथं दोन फुल्या मारा, ×× अशा, आणि पुढं चला. माहिती शोधायला म्हणून उघडलेल्या फोनवर शाळेच्या ग्रुपमधले चाळीस मेसेज वाट बघत असतात. फुल्यांचं काम बसस्टॉपवर किंवा दवाखान्याच्या रांगेत करा. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, विज्ञानाच्या नोंदी भरपूर आहेत, आणि आपल्या भाषेत एखादी गोष्ट कशी समजावतात हेही त्यातून कळतं. पण विश्वकोशातलं वाक्य पात्राच्या तोंडी घालू नका. आजी नातीला ‘संदेशवहनातील विलंब’ समजावत नाही. ती म्हणते, ‘अगं, लांब आहे ना ती, आवाजाला यायला वेळ लागतो.’ ही माहिती देण्याची सगळ्यांत चांगली रीत तुम्हाला येते, कारण दिवसातून चार वेळा तुम्ही पाच वर्षांच्या माणसाला जग समजावून सांगता.

पायरी ६ : घरात जागा मागा, घड्याळ लावून

‘मला जरा लिहायचंय’ या वाक्याला कोणत्याही घरात किंमत नाही. ‘जरा’ म्हणजे कधीही थांबवता येण्यासारखं, असंच सगळे धरतात. त्यापेक्षा : ‘आई, साडेतीन ते सव्वाचार मी आत बसते. चिकू उठला तर त्याला केळं द्या, मी सव्वाचारला बाहेर येते.’ सासूबाईंना वेळ कळली, काम कळलं, शेवट कळला. आणि सव्वाचारला खरंच बाहेर या. शब्द पाळलात तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मागता येतो. नवऱ्याशी किंवा बायकोशी वाटणीही अशीच आकड्यांत करा. रविवारी सकाळी आठ ते दहा मुलं याच्याकडे, संध्याकाळी पाच ते सात तिच्याकडे. ज्यानं मुलं घेतली त्यानं मध्येच येऊन ‘हिचा टॉवेल कुठाय?’ विचारायचं नाही. एकट्यानं मूल वाढवत असाल तर सोसायटीतल्या दुसऱ्या एखाद्या पालकाशी अदलाबदल करा : शनिवारी तिची मुलं तुमच्याकडे, रविवारी तुमची तिच्याकडे.

हे काम लेखन म्हणून घरात मान्य व्हायला वेळ लागतो, पैसे मिळत नाहीत तोवर तर फारच. गणिती मंगला नारळीकरांचं लग्न १९६५मध्ये झालं आणि मुली, घर, सासू-सासरे सांभाळत त्यांची पीएच.डी. १९८१मध्ये पुरी झाली. सोळा वर्षं. तुमची पहिली कथा सोळा महिन्यांत झाली तर तुम्ही बऱ्याच पुढं आहात.

पायरी ७ : वाचून दाखवा

मुलांसाठीची अद्भुतकथा असेल तर परीक्षक घरातच आहे. चार-पाच वर्षांचं मूल नियमभंग लगेच पकडतं. ‘काल तर राक्षस पाण्याला घाबरत होता, आज नदीत कसा गेला?’ असं त्यानं म्हटलं की जगाचा कागद काढा आणि बघा. बहुधा तेच बरोबर असतं. मूल कूस बदलून पलीकडे बघायला लागतं ती जागा कंटाळवाणी आहे, तिथं काट मारा. झोपताना सांगायच्या गोष्टीत मुंज्या मात्र घालू नका, नाहीतर पुढचे आठ दिवस रात्री कोणाला उठावं लागेल हे सांगायला नको.

मोठ्यांची कथा असेल तर दोन वाचक बघा : एक विज्ञान जाणणारा, एक न जाणणारा. पहिल्याला ‘काय चुकलं?’ विचारा, दुसऱ्याला ‘कुठं थांबलास?’. ‘कशी वाटली?’ विचारलंत तर दोघंही ‘छान’ म्हणतील.

पायरी ८ : पाठवा

दिवाळी अंकांचं गणित पावसाळ्याआधी सुरू होतं. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिसत असले तरी साहित्य बरंच आधी मागवलं जातं, त्यामुळे कथा मे-जूनपर्यंत हातात तयार असू द्या. गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाची धरावी. गूढ, साहस, विज्ञान या वळणाच्या कथा ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांत वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. पाठवण्याआधी मागच्या वर्षाचा अंक वाचनालयातून आणून चाळा. मुलांसाठीची कथा असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे, १९७१पासून निघतंय.

मुंबईच्या चुनाभट्टीतली मराठी विज्ञान परिषद गेली कित्येक वर्षं विज्ञानकथा स्पर्धा घेते आहे. नवख्यासाठी ही सगळ्यांत चांगली जागा, कारण तिथं विज्ञानाकडेही लक्ष देऊन वाचणारे परीक्षक असतात. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये याच स्पर्धेला कथा पाठवली होती, आणि आपल्या नावाचा परिणाम होऊ नये म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. बक्षीस जगतापांना मिळालं. तुमच्यामागे अजून वजनदार नाव नाही, तेव्हा ती काळजी नाही. पण कथेच्या पानांवर नाव घालायचं की वेगळ्या कागदावर, शब्दमर्यादा किती, हे त्या वर्षीच्या नियमांत नीट वाचा.

कथा युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे उघडेलच असं नाही. पानांना क्रमांक, शेवटी शब्दसंख्या, पत्ता आणि फोन. मेलमध्ये दोन ओळी पुरेत. कथेचा सारांश आणि ‘दोन लहान मुलं सांभाळून लिहिली आहे’ हे दोन्ही नको. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी.

स्वीकारली गेली तर मानधनाचं आणि हक्कांचं लगेच, लाजू नका, मेलवर विचारा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथेचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हल्ली कथांची ऑडिओ रूपांतरं होतात, तेव्हा छपाईबरोबर ऑडिओचे हक्कही जातात का, ते वेगळं विचारून घ्या.

नकार किंवा उत्तरच न येणं, दोन्ही होईल. तीन महिन्यांनी एक सभ्य विचारणा करा. त्यानंतरही शांतता असेल तर ‘कथा मागे घेत आहे’ असं एका ओळीत कळवून ती दुसरीकडे पाठवा. मधल्या काळात पुढच्या कथेचा कागद सुरू करून ठेवा, कारण मे पुन्हा येतो आणि मुलांना नेमकी तेव्हाच सुट्टी असते.